तळटिपांचा हिशेब : एक शोधनियतकालिक कसं वाचावं?

(व्याख्यानाचं शब्दांकन. श्रोत्यांचे निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं शेवटी दिली आहेत.)

आजचा विषय ऐकायला जरा रूक्ष वाटेल. एखादं शोधनियतकालिक वर्षानुवर्षं काय छापतं, आणि त्यात छापलेलं पुढे कोण, कुठे, किती वेळा संदर्भ म्हणून वापरतं, हे आपल्याला बघायचं आहे. यात ग्रंथालयशास्त्राच्या लोकांनी लक्ष घालावं, बाकीच्यांना काय त्याचं, असं कोणी म्हणेल. पण प्राध्यापकाची नेमणूक, बढती, पीएच. डी.च्या विद्यार्थ्याचं भवितव्य, ग्रंथालय कुठली वर्गणी भरतं आणि कुठली बंद करतं, यातलं बरंच काही या मोजणीवर ठरतं. आणि महाराष्ट्राबद्दलचं संशोधन मराठीत लिहायचं की नाही, हेसुद्धा.

सुरुवातीला एका शब्दाचं ठरवून घेऊ. इंग्रजीत ज्याला सायटेशन म्हणतात त्याला आज आपण 'दाखला' म्हणू. लेखकाने तळटिपेत किंवा संदर्भसूचीत दुसऱ्या लेखाचं, पुस्तकाचं, कागदपत्राचं नाव घेतलं की तो एक दाखला झाला.

उदाहरण म्हणून एकच नियतकालिक घेऊ : 'मॉडर्न एशियन स्टडीज'. केंब्रिज विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने ते १९६७ साली सुरू केलं. चीन, जपान, आग्नेय आशिया आणि आपला दक्षिण आशिया, हे त्याचं क्षेत्र. मराठ्यांच्या राज्यव्यवस्थेवर, मुंबईच्या राजकारणावर, महाराष्ट्रातल्या जातिव्यवस्थेवर काम करणाऱ्याला या नियतकालिकाकडे जावंच लागतं, म्हणून ते निवडलं.

'एरिया स्टडीज' आलं कुठून?

इतिहास, अर्थशास्त्र, समाजशास्त्र या विद्याशाखा झाल्या. 'एरिया स्टडीज' म्हणजे प्रदेश-अभ्यासाची विभागणी वेगळी असते. इथे एक प्रदेश धरायचा, त्याची भाषा शिकायची आणि मग इतिहासकार, मानववंशशास्त्रज्ञ, राज्यशास्त्रज्ञ या सगळ्यांनी एका छपराखाली बसायचं.

ही कल्पना फोफावली ती दुसऱ्या महायुद्धानंतर, आणि त्यामागे निव्वळ ज्ञानाची ओढ नव्हती. १९५७ मध्ये सोव्हिएत रशियाने स्पुटनिक सोडला. अमेरिका हादरली आणि पुढच्याच वर्षी तिथे एक शिक्षण-कायदा झाला. त्यातून परदेशी भाषा आणि प्रदेश-अभ्यासाच्या केंद्रांना सरकारी पैसा मिळू लागला. ब्रिटनचं साम्राज्य आटोपत आलं होतं. तिथे १९६१ मध्ये हेटर समितीने अहवाल दिला की विद्यापीठांत आशिया-आफ्रिकेच्या अभ्यासाची केंद्रं हवीत. केंद्रं निघाली, माणसं नेमली गेली, आणि या माणसांना लिहायला जागा हवी होती. 'मॉडर्न एशियन स्टडीज' ही अशी एक जागा. अमेरिकेतलं 'जर्नल ऑफ एशियन स्टडीज' त्याहून जुनं. ते १९४१ साली 'फार ईस्टर्न क्वार्टर्ली' या नावाने निघालं आणि १९५६ मध्ये त्याने नाव बदललं.

आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. पीएल-४८० चा गहू आपल्याकडच्या जुन्या लोकांना आठवत असेल. त्या गव्हाची किंमत भारताने रुपयांत चुकवली आणि ते रुपये अमेरिकेच्या खात्यात भारतातच साठले. त्यातल्या काही पैशातून १९६२ पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दिल्लीतल्या कार्यालयाने भारतीय भाषांतली पुस्तकं आणि नियतकालिकं विकत घेऊन अमेरिकेतल्या विद्यापीठांना पाठवायला सुरुवात केली. मराठीही त्यात होती. म्हणजे गहू इकडे आला आणि पुस्तकं तिकडे गेली! परदेशी संशोधकांच्या तळटिपांत मराठी पुस्तकं दिसतात, त्याचं एक साधं कारण हे आहे.

अंक उघडल्यावर काय दिसतं?

नियतकालिक वाचायचं म्हणजे आधी त्याच्या अनुक्रमणिका वाचायच्या. दहा-वीस वर्षांच्या अनुक्रमणिका एकापाठोपाठ चाळल्या की नियतकालिकाचा स्वभाव कळतो. 'मॉडर्न एशियन स्टडीज'च्या बाबतीत चार गोष्टी डोळ्यांत भरतात.

पहिली : लेख लांब असतात. तीस-चाळीस पानांचा लेख इथे नवलाचा नाही. रसायनशास्त्राच्या चार पानी शोधनिबंधाशी याची तुलना करताच येत नाही.

दुसरी : बहुतेक लेखांवर एकाच लेखकाचं नाव असतं. प्रयोगशाळेत दहा जण मिळून काम करतात आणि दहा नावं छापतात. दप्तरखान्यात माणूस एकटा बसतो. मोडी वाचायला सहा महिने, कागद शोधायला वर्ष, लिहायला आणखी एक वर्ष. वर्षाला पाच लेख काढण्याचा हा धंदा नव्हे.

तिसरी : विशेषांक. १९७३ साली या नियतकालिकाचा एक अंक 'लोकॅलिटी, प्रॉव्हिन्स अँड नेशन' या विषयाला वाहिलेला होता. जॉन गॅलघर, गॉर्डन जॉन्सन आणि अनिल सील हे त्याचे संपादक. तोच मजकूर मग पुस्तक म्हणूनही आला. यातले गॉर्डन जॉन्सन १९७१ पासून २००८ पर्यंत या नियतकालिकाचे संपादक होते. मुंबई प्रांत आणि काँग्रेस हा त्यांच्या स्वतःच्या पुस्तकाचा विषय. सदतीस वर्षं एकच संपादक, म्हणजे काय छापलं गेलं आणि काय नाही यावर एका माणसाच्या नजरेचा ठसा उमटणारच. याला लगेच पक्षपात म्हणायची गरज नाही. पण हिशेब करताना विसरायचंही नाही.

चौथी : दक्षिण आशियाचा, त्यातही भारताचा वाटा पहिल्यापासून मोठा. नाव आशियाचं असलं तरी सगळ्या देशांच्या वाट्याला सारखी पानं येत नाहीत. कुठल्या देशाच्या दप्तरखान्यात प्रवेश मिळतो, कुठल्या भाषेचे शिक्षक त्या विद्यापीठात आहेत, कुठल्या वसाहतीचे कागद लंडनमध्ये आहेत, यावर पानांची वाटणी ठरते.

दाखले मोजायचे कोणी सुरू केले?

अमेरिकेत यूजीन गारफिल्ड नावाचे गृहस्थ होते. त्यांनी १९५५ साली 'सायन्स' या साप्ताहिकात एक कल्पना मांडली. वकिलांकडे तेव्हा एक सोय होती : अमुक खटल्याच्या निकालाचा आधार पुढे कुठल्या निकालांत घेतला गेला, याची सूची. गारफिल्ड म्हणाले, विज्ञानातल्या लेखांची अशी सूची का करू नये? १९६४ मध्ये 'सायन्स सायटेशन इंडेक्स' बाहेर पडला. पुढे १९७३ मध्ये सामाजिक शास्त्रांचा आणि १९७८ मध्ये कला-मानव्यविद्यांचा.

आपल्याकडे सूचीचं मोठं काम शंकर गणेश दात्यांनी केलं. १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी ग्रंथांची त्यांची सूची आजही अभ्यासकाला लागते. पण दोन सूचींत फरक आहे. दात्यांची सूची सांगते, अमुक पुस्तक निघालं होतं. गारफिल्डची सूची सांगते, अमुक लेखाचा पुढे कोणी उपयोग केला. पहिली अस्तित्वाची नोंद झाली, दुसरी वापराची.

गारफिल्डच्या सूचीत कुठली नियतकालिकं घ्यायची? सगळी घेणं अशक्य. म्हणून निवडीसाठी एक आकडा काढला गेला, तोच हा सुप्रसिद्ध 'इम्पॅक्ट फॅक्टर'. हिशेब सोपा आहे. समजा एका नियतकालिकाने २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांत मिळून शंभर लेख छापले. २०२४ या एका वर्षात इतरांनी त्या शंभर लेखांचे ऐंशी दाखले दिले. ऐंशी भागिले शंभर, म्हणजे शून्य दशांश आठ. झाला २०२४ चा इम्पॅक्ट फॅक्टर.

यात दोन गोष्टी नीट पाहा. एक, ही सरासरी आहे. आणि दाखल्यांच्या बाबतीत सरासरी हमखास फसवते. डेरेक डी सोला प्राइस यांनी १९६५ मध्ये वैज्ञानिक लेखांबद्दल दाखवलं होतं की कुठल्याही एका वर्षी सुमारे ३५ टक्के लेखांना एकही दाखला मिळत नाही, आणि ४९ टक्के लेखांना फक्त एक मिळतो. उरलेल्या थोड्या लेखांवर सगळा भार. तेव्हा नियतकालिकाची सरासरी त्यातल्या एखाद्या लेखाला चिकटवणं म्हणजे गावाच्या सरासरी पावसावरून आपल्या विहिरीचं पाणी सांगण्यासारखं आहे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ती म्हणजे दोन वर्षांची खिडकी.

दोन वर्षांत काय होतं?

संजय सुब्रह्मण्यम यांचा 'कनेक्टेड हिस्टरीज' हा लेख १९९७ साली 'मॉडर्न एशियन स्टडीज'मध्ये आला. इतिहास देशांच्या कुंपणांत कोंडून न लिहिता, सतराव्या-अठराव्या शतकाच्या आधीपासून दूरदूरचे प्रदेश एकमेकांशी कसे जोडलेले होते हे पाहावं, असं त्यात मांडलं होतं. पुढे या दोन शब्दांची एक पद्धतच झाली. ज्यांचा भारताशी काडीचा संबंध नाही असे इतिहासकारही त्या लेखाचा दाखला देतात.

आता हिशेब करा. १९९७ चा लेख इम्पॅक्ट फॅक्टरमध्ये धरला जातो तो फक्त १९९८ आणि १९९९ या दोन वर्षांत. २००० साल उजाडलं की तो खिडकीच्या बाहेर गेला. त्यानंतरच्या पंचवीसेक वर्षांत त्याला जे दाखले मिळाले त्यातला एकही त्याच्या नियतकालिकाच्या त्या आकड्यात येत नाही.

आणि ते साहजिक आहे. आपण तो लेख आज वाचला, त्यावरून एक प्रश्न सुचला, कागद शोधले, लेख लिहिला, पाठवला, परीक्षकांनी वाचला, दुरुस्त्या केल्या, छापायचा क्रम लागला. यात तीन-चार वर्षं सहज जातात. म्हणजे त्या लेखाला खरं उत्तर देणारा माणूस दोन वर्षांच्या खिडकीत पोचतच नाही. औषधशास्त्रात दोन वर्षांत लेख जुना होतो. मराठ्यांच्या माळव्यातल्या कारभारावर स्ट्युअर्ट गॉर्डन यांनी याच नियतकालिकात १९७७ मध्ये लिहिलेला लेख आजही काढून वाचावा लागतो.

मोजणाऱ्यांनाही हे ठाऊक आहे. म्हणून पुढे पाच वर्षांचा आकडा आला, आणि 'अर्धायुष्य' नावाचं एक मापही आहे. एखाद्या वर्षी नियतकालिकाला मिळालेल्या दाखल्यांपैकी निम्मे किती वर्षांच्या आतल्या लेखांना मिळाले, हे ते सांगतं. इतिहासाच्या नियतकालिकांत हे आयुष्य सहसा लांब असतं. एखाद्या प्रदेश-अभ्यासाच्या नियतकालिकाबद्दल एकच आकडा विचारायची परवानगी असेल तर आपण हा विचारावा.

दाखला म्हणजे होकार नव्हे

दाखले का दिले जातात, हेही बघू. ढोबळ तीन कारणं. पहिलं, आधार : ही माहिती मला इथून मिळाली. दुसरं, वाद : यांचं म्हणणं मला पटत नाही. तिसरं, नमस्कार : या विषयावर लिहायचं तर अमुक नावं घ्यावीच लागतात, म्हणून घेतली. यंत्राला तिन्ही सारखेच.

१९७३ चा तो विशेषांक घ्या. राष्ट्रीय चळवळीकडे बघताना ध्येयवादापेक्षा स्थानिक गट, आश्रयदाते आणि सत्तेची वाटणी यांवर त्यात भर होता. याला 'केंब्रिज स्कूल' असं नाव पडलं. १९८२ पासून रणजित गुहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सबाल्टर्न स्टडीज'चे खंड काढले, त्यांच्या टीकेच्या निशाण्यावर ही मांडणी होती. म्हणजे केंब्रिजवाल्यांना मिळालेल्या दाखल्यांत त्यांच्या विरोधकांनी दिलेले दाखले भरपूर असणार. मग १९८८ मध्ये रोझलिंड ओ'हॅनलन यांनी 'मॉडर्न एशियन स्टडीज'मध्येच सबाल्टर्न मंडळींची दीर्घ चिकित्सा केली. तो लेखही खूप गाजला. आणि ओ'हॅनलन कोण? महात्मा फुल्यांवर आणि एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्रातल्या जातिविरोधी चळवळीवर ज्यांचं १९८५ चं पुस्तक आहे, त्या. जागतिक वादात उतरताना त्यांच्या पायाखाली मराठी साधनांवरचं काम होतं.

आणखी एक गंमत आहे. दक्षिण आशियाच्या अभ्यासावर त्या दशकात ज्याचा सर्वांत जास्त परिणाम झाला ते 'सबाल्टर्न स्टडीज' नियतकालिक नव्हतंच. ते संपादित पुस्तकांचे खंड होते. त्याला इम्पॅक्ट फॅक्टर असण्याचा प्रश्नच नाही!

मोजणीतून गळतं काय?

आता आपण मुख्य मुद्द्यावर आलो. प्रदेश-अभ्यासाचा लेख उभा असतो तो त्या प्रदेशाच्या भाषेतल्या साधनांवर. तळटिपा उघडा. महाराष्ट्रावरच्या लेखात काय सापडतं? पुण्याच्या पेशवे दप्तरातला रुमाल. सरदेसायांनी संपादित केलेले 'पेशवे दप्तरातून निवडलेले कागद', त्याचे पंचेचाळीस खंड. राजवाड्यांची 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'. भारत इतिहास संशोधक मंडळाचं त्रैमासिक. आंबेडकरी चळवळीवरचा लेख असेल तर खैरमोड्यांचं बहुखंडी चरित्र.

यातलं किती मोजलं जातं? जवळजवळ काही नाही. दप्तरातला रुमाल हा लेख नव्हे, त्याला दाखल्याचं खातंच नाही. राजवाड्यांचा खंड हे पुस्तक, आणि या यंत्रणांत पुस्तकांची बाजू पहिल्यापासून लंगडी. मंडळाचं त्रैमासिक हे नियतकालिक खरं, पण यंत्रणेने निवडलेल्या यादीत नसेल तर त्याच्या नावाने हिशेब उघडत नाही. शिवाय रोमन लिपीत त्याच माणसाचं आडनाव एक जण 'व्ही'ने लिहितो, दुसरा 'डब्ल्यू'ने. यंत्राच्या लेखी राजवाडे दोन झाले.

'स्कोपस' ही एल्सव्हिअरची यंत्रणा २००४ पासून आहे. तिच्या निवडीच्या अटींत एक अट अशी : लेखाचं शीर्षक आणि सारांश इंग्रजीत हवा, आणि संदर्भ रोमन लिपीत हवेत. अट अव्यवहार्य नाही. जगभरच्या वाचकांसाठी सूची करायची तर एक लिपी धरावी लागते. पण परिणाम बघा. देवनागरीत तळटिपा असलेलं, मराठी वाचकासाठी काढलेलं उत्तम त्रैमासिक त्या दारातून आत जाऊ शकत नाही.

एलिनॉर झेलियट यांचं उदाहरण घ्या. आंबेडकर आणि महार चळवळीवरचा त्यांचा प्रबंध १९६९ चा, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातला. पुस्तकरूपात तो यायला कित्येक दशकं गेली. तोपर्यंत अभ्यासक त्या अप्रकाशित प्रबंधाचाच दाखला देत राहिले. झेलियट यांच्या कामाची पुढे तळटिपांमधून नोंद झाली ती झाली. पण त्यांना साधनं पुरवणारे कार्यकर्ते, आठवणी लिहून ठेवणारे, वर्तमानपत्रांचे अंक जपून ठेवणारे, यांची नोंद कुठे? मराठी कागदापासून इंग्रजी लेख, इंग्रजी लेखापासून सिद्धान्त, अशी ही साखळी आहे. मोजणी दुसऱ्या कडीपासून सुरू होते.

आधार मागायची शिस्त आपल्याकडे परक्यांकडून आली असं समजायचं कारण नाही. ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये निघाला. नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने १८६७ मध्ये पुण्यात त्यावर टीकात्मक निबंध वाचला. पुढच्या पिढीत मूळ कागदपत्रंच छापण्याचा आग्रह वाढत गेला, आणि १८९८ मध्ये राजवाड्यांचा पहिला खंड आला. अस्सल कागद दाखवा, मग बोला, ही आपली जुनी सवय आहे. फक्त त्या सवयीची नोंद ठेवणारी वही आपण केली नाही.

हे आपल्या दारात कसं आलं?

भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राध्यापकांच्या नेमणुका-बढत्यांसाठी २०१० मध्ये गुणांची पद्धत आणली. अमुक प्रकारच्या लेखाला अमुक गुण. गुण हवेत म्हणजे लेख हवेत, लेख हवेत म्हणजे छापणारे हवेत. पैसे घेऊन आठ दिवसांत लेख छापून देणारी दुकानं गल्लोगल्ली निघाली. मग आयोगाने मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी केली. त्या यादीतही नको ते शिरलं, म्हणून २०१८ च्या मे महिन्यात एका फटक्यात ४,३०५ नियतकालिकं काढून टाकावी लागली. त्यानंतर 'केअर' यादी आली. तिचं काम पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातून चालायचं. भारतीय भाषांमधल्या नियतकालिकांना तिच्यात जागा होती, ही जमेची बाजू. २०२५ च्या फेब्रुवारीत आयोगाने ती यादीही बंद केली, आणि नियतकालिक चांगलं की वाईट हे ठरवायची जबाबदारी संस्थांवर आणि अभ्यासकांवर टाकली.

आता नांदेड-सांगलीकडच्या एखाद्या महाविद्यालयातली तरुण प्राध्यापिका डोळ्यांसमोर आणा. तिला मोडी येते. तालुक्यातल्या एका घराण्याचे कागद तिच्या हाती लागलेत. ते कागद समजून घेऊ शकणारे वाचक मराठी आहेत. पण मराठीत लिहिलं तर निवड समितीपुढे काय दाखवायचं? यादी नाही, आकडा नाही, फक्त लेख आहे. समितीतल्या कोणी तो लेख वाचायला हवा. आणि समितीला लेख वाचायला वेळ नाही, म्हणून तर आकडा शोधला होता!

जगभर याविरुद्ध आवाज उठले आहेत. २०१२ चा सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा म्हणतो की नियतकालिकाच्या आकड्यावरून माणसाची पारख करू नका. २०१५ च्या लायडेन जाहीरनाम्यात तर स्पष्ट मुद्दा आहे की स्थानिक महत्त्वाच्या संशोधनाला संरक्षण द्या, इंग्रजीबाहेरच्या चांगल्या कामाला मोजमापात जागा करा. पण कागदावरची तत्त्वं निवड समितीच्या खोलीत आपोआप शिरत नाहीत.

मग आपण काय करायचं?

तीन कामं सांगतो, तिन्ही आपल्या हातातली आहेत.

एक : तळटिपा वाचायची सवय. कुठलाही एक लेख घ्या. आधाराच्या दाखल्यांवर एक रंग, वादाच्या दाखल्यांवर दुसरा, नमस्काराच्या दाखल्यांवर तिसरा. मग बघा, प्रदेशाच्या भाषेतली साधनं किती आणि ती कुठल्या रंगात आहेत. महाराष्ट्रावरच्या लेखात मराठी फक्त कच्चा माल म्हणून येते की मराठी अभ्यासकांशी वादही घातलेला आहे, हे अर्ध्या तासात कळतं. नियतकालिकाची ही खरी कसोटी.

दोन : आपल्या नियतकालिकांनी आपलं लेखन दाखला देण्याजोगं करावं. प्रत्येक लेखावर वर्ष, अंक, पृष्ठांक स्पष्ट. लेखकाच्या नावाचं एकच रोमन रूप. इंग्रजीत चार ओळींचा सारांश. जुन्या अंकांची लेखागणिक सूची. याला फार पैसा लागत नाही, चिकाटी लागते.

तीन : आपणच एकमेकांचे दाखले द्यावेत. मराठीत लिहिताना आधीच्या मराठी लेखाचं नाव न घेता एकदम लंडन-शिकागोचं नाव घ्यायचं, ही आपल्याकडची खोड आहे. ती सोडल्याशिवाय दुसऱ्याच्या वहीत आपली नोंद नाही अशी तक्रार करण्यात अर्थ नाही.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न : म्हणजे हे आकडे टाकूनच द्यायचे का?

नाही. आकड्याला योग्य तो प्रश्न विचारायचा. 'मॉडर्न एशियन स्टडीज'चे दाखले कुठल्या विद्याशाखेतले लोक देतात? दहा वर्षांपूर्वीचे लेख अजून चालतात का? चीनवर लिहिणारे भारतावरचं वाचतात का? याची उत्तरं आकड्यांतून फार छान मिळतात. 'हा लेख चांगला आहे का?' याचं उत्तर मात्र त्यात नाही. तापमापकाने ताप कळतो, रोगाचं नाव कळत नाही.

प्रश्न : पैसे घेऊन छापणारं बोगस नियतकालिक ओळखायचं कसं? त्यांच्याकडेही आयएसएसएन क्रमांक असतो.

आयएसएसएन हा फक्त ओळखक्रमांक आहे, दर्जाचा शिक्का नव्हे. दुचाकीला नंबरप्लेट असली म्हणून चालवणाऱ्याला गाडी येते असं होत नाही. आपण तीन गोष्टी बघाव्या. जुने अंक उघडून दोन लेख वाचावेत. संपादक मंडळातल्या माणसांना आपण तिथे आहोत हे ठाऊक आहे का, ते विचारावं. आणि लेख पाठवल्यावर परीक्षकाचे शेरे येतात की थेट पावती येते, ते पाहावं. आधी पावती आली तर काय समजायचं ते आपण समजून घ्यावं. एक खबरदारी : चांगली नियतकालिकंही कधीकधी शुल्क घेतात, तेव्हा नुसत्या शुल्कावरून निकाल देऊ नये.

प्रश्न : सर, स्पष्ट विचारते. मराठीत लिहिलं तर दाखला कोणी देत नाही. मग सरळ इंग्रजीतच का लिहू नये?

इंग्रजीत लिहाच. ज्यांना जमतं त्यांनी दोन्हीकडे लिहावं. पण दोन लेख दोन वेगवेगळ्या परीक्षांना बसतात, हे ध्यानात ठेवा. केंब्रिजचा परीक्षक तुमची मांडणी तपासेल, जगातल्या इतर संशोधनाशी ताडून बघेल. ती परीक्षा कठीण आहे आणि आवश्यक आहे. पण तुम्ही 'मिरासदार' या शब्दाचा त्या तालुक्यातला अर्थ चुकीचा लावलात, किंवा गावाचं नाव मोडीतून वाचताना घोटाळा केलात, तर तो कोण पकडणार? तो मराठी वाचक पकडणार. कदाचित त्याच गावचा एखादा निवृत्त शिक्षक पोस्टकार्ड टाकून कळवणार. तेव्हा मराठी लेखाला दाखले किती मिळाले हे जरूर मोजू या. पण मराठीत लिहिलाच नाही तर ती चूक इंग्रजी लेखात तशीच राहील, आणि पुढे तिचेच दाखले मिळत राहतील.